बाकी मर्जी

देवास,
रविवार, २२ मार्च २०२६

ती. भाऊंना,

अल्पनाचा नमस्कार. इथे दीपेश, तुमची नात आणि मी, तिघंही ठीक आहोत. धारला ऊन चढलं असेल आणि दुकानापुढे तुम्ही ताडपत्री बांधली असेल, असा अंदाज आहे. फोन केला नाही, कारण वाजणारा फोन तुम्ही उचलत नाही, आणि त्याचं कारण आता मला थोडंफार कळलं आहे. पत्र वाजत नाही. ते पडून राहू शकतं. ‘पत्र पोचताच कळवावे’ वगैरे मी मुद्दाम लिहिलेलं नाही.

शुक्रवारी जे झालं ते आधी क्रमाने लिहिते. अर्थ नंतर.

१. उर्वीला पाहायला तिसऱ्या शाळेने बोलावलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या वस्तीतली छोटी प्राथमिक शाळा आहे.

२. उर्वी फाटकापर्यंत आली. आत आली नाही.

३. शाळा चालवणाऱ्या नीतू मॅडम बाहेर आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, “आओ बेटा, अंदर आओ.” उर्वी फाटकाकडे पाठ करून खाली बसली.

४. दीपेशने चॉकलेट दाखवलं. उर्वीने चप्पल ओढून नालीत टाकली. चप्पल दीपेशची होती.

५. मी एक वाक्य बोलले.

६. उर्वी उठली, फ्रॉक झटकला आणि आत गेली.

७. शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

पाचव्या क्रमांकाचं वाक्य तुमचं होतं.

आता मागचं. पहिल्या दोन शाळांबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण संक्रांतीनंतर आपलं बोलणंच झालेलं नाही.

पहिली शाळा बायपासवरची, मोठी, इंग्रजी माध्यमाची. तिथल्या मॅडमनी इंग्रजीत नाव विचारलं. उर्वी टेबलाखाली गेली आणि तिथून मराठीत उत्तर आलं, “मी मांजर आहे. मांजराला नाव विचारत नाहीत.” मॅडमना मराठी येत नव्हती. मी भाषांतर करून दिलं. त्यानंतर मुलाखत फार चालली नाही.

दुसरं इंदूरचं केंद्र, खास अशा मुलांसाठीचं. तिथे सगळे मायाळू होते. नीट बसलं की एक चमकती चांदणी, उत्तर दिलं की आणखी एक. उर्वीने चांदण्यांचा अख्खा कागद ताब्यात घेतला आणि एकेक करून सगळ्या त्या ताईंच्या ओढणीवर चिकटवल्या. “आप बहुत अच्छे से बैठीं,” असं वर सांगितलं. दीपेशला तिथेच हसू फुटलं. मी जिन्यात जाऊन हसले. पण परतताना उर्वी देवास येईपर्यंत रडत होती, आणि त्या दिवशी तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. तहान लागली होती. ओठ कोरडे पडले होते. पण तिथे कुणीतरी “पानी पी लो” म्हटलं होतं, आणि त्यानंतर पाणी हे पाणी राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी जे नाव दिलं ते तुम्हाला माहीत आहे: ऑटिझम, आणि त्यातही सांगितलेलं टाळणं. ‘टाळणं’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नाही. हुकूम ऐकला की या मुलीचं शरीर असं वागतं, जणू अंगावर कुत्रा धावून आलाय. हुकूम लाडाने दिला तरी कुत्रा तोच. तिला स्वतःला जे करायचं असतं तेही मग तिला करता येत नाही.

मी कंपनीच्या प्रयोगशाळेत मापकं तपासते. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. पाण्याच्या एका थेंबाचं तापमान मोठ्या थर्मामीटरने मोजू नये. थर्मामीटरच थेंबाला गार किंवा गरम करतो, आणि मग तुम्ही थेंब मोजत नाही, स्वतःचं उपकरण मोजता. दोन्ही शाळांनी त्यांचं उपकरण मोजलं आणि आकडा उर्वीच्या नावावर लिहिला.

आता संक्रांत. हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय शुक्रवार समजणार नाही. धारला तुमच्या घरी तुम्ही तिळगुळाची वाटी तिच्यापुढे ठेवलीत आणि खिडकीकडे बघत म्हणालात, “सरकार, तिळगूळ हजर आहे. बाकी मर्जी.” देवासहून निघाल्यापासून जिने तोंडात काही घातलं नव्हतं तिने वाटी रिकामी केली. त्यावर दीपेश म्हणाला, “भाऊ, पोरीला पार राजा करून ठेवलंत तुम्ही. उद्या शाळेत कोण तिला सरकार म्हणणार? दुनिया ऐसे नहीं चलती.”  तुम्ही टोपी घेतलीत आणि सणाच्या दिवशी दुकान उघडायला गेलात. आम्ही निघालो तेव्हा दुकानातून पेटीचा आवाज येत होता. एकच सूर, पुन्हा पुन्हा.

मी तेव्हा कुणाच्याच बाजूने बोलले नाही. मी सहसा बोलत नाही.

शुक्रवारी फाटकापाशी माझ्याकडचे उपाय संपले. मी उर्वीशेजारी नालीच्या काठावर बसले, तिच्याकडे न बघता, आणि रस्त्याला उद्देशून म्हणाले, “सरकार, शाळा भरली आहे. दालन उघडं आहे. बाकी मर्जी.” आवाज तुमच्यासारखा खालच्या पट्टीत काढायचा प्रयत्न केला. एका पायात चप्पल घातलेल्या दीपेशने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

 मग उर्वी म्हणाली, “दालनात कोण कोण आहे?”

“ठाऊक नाही.” हे खरं होतं.

“मग बघायला पाहिजे,” ती म्हणाली, आणि गेली.

नीतू मॅडम माझ्याच वयाच्या आहेत, तिरल्याकडच्या, म्हणजे तुमच्या धारच्याच बाजूच्या. बोलणं रोखठोक. त्यांनी मला बाजूला घेतलं. “मैडम, ये सरकार क्या है? घर का नाम है?” मी थोडक्यात सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. वर्गात गेल्या, उर्वीकडे पाठ केली आणि फळ्याला म्हणाल्या, “सरकार, चॉक रखे हैं. लाल भी है.”

मी दारातून बघत होते. बराच वेळ उर्वी खिडकीच्या गजाला धरून उभी होती. नंतर लाल खडू जागेवर नव्हता. नंतर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल मांजर होतं.

मग पुढच्या रांगेतला मनन उभा राहिला. “मैडम, मैं भी सरकार!”

“आज तो सब सरकार हैं,” नीतू मॅडम म्हणाल्या.

भाऊ, त्यानंतर त्या वर्गात जे झालं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. “सरकार, आपका पैर मेरी कॉपी पे है.” “अरे सरकार, हटा लेते हैं!” मागून एक जण ओरडला, “ओ सरकार, म्हारी पेंसिल दई दो!” तेव्हा उर्वी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. फार गंभीरपणे. “दई दो नहीं बोलते. बोलते हैं, पेंसिल नहीं मिल रही. फिर चुप.” तो मुलगा म्हणाला, “पेंसिल नहीं मिल रही,” आणि हाताची घडी घालून गप्प बसला. तीन बाजूंनी तीन पेन्सिली आल्या. वर्ग एवढा हसला की शेजारच्या खोलीतल्या बाई डोकावल्या. त्यांनाही कुणीतरी सांगितलं, “मैडम, दरवाज़ा खुला है. बाकी मर्ज़ी.”

उर्वी हसत होती. शाळेत. हे वाक्य मी आधी कधी लिहिलेलं नाही.

सुट्टीत नीतू मॅडमनी आम्हाला बसवलं आणि सरळ सांगितलं. ते शब्द शक्य तितके तसेच लिहिते. “सीट एक ही बची है, और एक घर और पूछ रहा है. मुझे ये बच्ची चाहिए. पर एक दिन का नाटक तो कोई भी कर लेगा. पंद्रह दिन बाद मैं थकूँगी, और मुँह से निकल जाएगा, चलो बैठो, कॉपी निकालो. आपके ससुरजी को सोचना नहीं पड़ता न? तो उनको लाओ. शुरू के पंद्रह दिन यहाँ बैठें, बस. हम तीनों टीचर सुनेंगे. बोली किताब से नहीं आती, कान से आती है.”

दीपेशने विचारलं, “और वो नहीं आए तो?”

“तो मैं हाँ नहीं बोलूँगी, भिया. बीच में भरोसा तोड़ने से अच्छा है, पहले ही ना कर दूँ.”

सत्र एक एप्रिलला सुरू होतं. सोमवारी, तीस तारखेला, नीतू मॅडम ती जागा देऊन टाकणार. चौथी शाळा माझ्या यादीत नाही. देवासमध्ये तिच्यासाठी आणखी एक दार मला दिसत नाही.

आता अर्थ.

घरी आल्यावर दीपेशने डॉक्टरांचे कागद पुन्हा काढले. आतापर्यंत ते मीच वाचले होते. तो वाचत गेला आणि मध्येच थांबला. “यार अल्पना, ये तो भाऊ हैं. पूरे के पूरे.” आधी तो हसला. मग एकेक आठवत गेला. ज्या लग्नपत्रिकेवर ‘आग्रहाचे निमंत्रण’ छापलेलं असेल त्या लग्नाला तुम्ही कधी गेला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता मांडव उतरवायला हजर. सर्व्हे खात्यातली नोकरी साहेबाने “अभी के अभी” म्हटल्याच्या दिवशी सोडलीत. दुकानात जो गिऱ्हाईक “भाऊ, पेटी कब तक हो जाएगी?” विचारतो, त्याची पेटी वर्षभर फळीवर, आणि जो “भाऊ, रख दी है” एवढंच म्हणून निघून जातो, त्याची दोन दिवसांत सुरात. आमच्या लग्नात नवरदेवाचे वडील वरातीला आले ते केवळ तुमच्या आई, सावित्रीआजी, खोलीच्या दारात उभ्या राहून “घोडा आला आहे” एवढंच म्हणाल्या म्हणून, हे मला परवाच समजलं.

हे तुम्हाला लिहावं की नाही यात माझा शनिवार गेला. सुनेने सासऱ्याबद्दल असं लिहिणं योग्य की अयोग्य, याचं मापक माझ्याकडे नाही. रागावला असाल तर पत्र इथे मिटता येईल. पण पुढचा भाग तुमच्याबद्दल नाही, सावित्रीआजींबद्दल आहे.

मी या घरात आले तेव्हा त्यांचं शेवटचं वर्ष होतं. तुम्ही साठीचे, आणि त्या सकाळी तुमच्या दाराशी येऊन म्हणायच्या, “पाणी तापलं आहे.” दुपारी, “ताट मांडलं आहे.” कधी “ये”, “जेव”, “ऊठ” नाही. मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही सांगितलंत की आपले पूर्वज संस्थानच्या मुदपाकखान्यात होते. राजाला ‘जेवा’ म्हणता येत नाही. स्वयंपाक तयार आहे एवढं सांगायचं आणि मागे सरकायचं. ती रीत घरात राहिली. मी मान डोलावली. घराण्याची जुनी अदब, असं समजून विषय संपवला.

पण भाऊ, मी आता मोजून पाहिलं. मुदपाकखाना तर आपल्या सगळ्याच शाखांचा होता. तुमच्या काकांच्या घरी “अरे चल की गिळायला” अशी हाक असते, ती मी स्वतः ऐकली आहे. आत्याकडेही तसंच. राजे गेले तशी ती भाषा सगळ्यांकडून गेली. एकाच घरात टिकली. सावित्रीआजींच्या. सगळे नातेवाईक त्यांना हसायचे, पोराला सिंहासनावर बसवलंय म्हणून.

माझा तर्क असा आहे. त्यांच्या घरात एक लहान मुलगा होता. हाक मारली की माळ्यावर जाऊन बसायचा. ‘जेव’ म्हटलं की उपाशी राहायचा. त्यांच्याजवळ डॉक्टर नव्हता, कागद नव्हता. सासऱ्यांच्या तोंडी उरलेली राजाशी बोलायची भाषा होती. ती त्यांनी मुलावर लावून पाहिली, आणि तो जेवला. मग त्यांनी ती जन्मभर सोडली नाही, लोक काहीही म्हणोत. याला पुरावा नाही. पुराव्याशिवाय मी सहसा लिहीत नाही. तरी लिहिते.

दीपेशला हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पोरीला कसं सांभाळायचं हे आपल्या घरात होतंच. आणि मी त्यांना म्हटलं, दुनिया ऐसे नहीं चलती.” थोड्या वेळाने त्याने पुढच्या खोलीतलं स्वतःचं टेबल बाहेर ओढायला सुरुवात केली. मी कारण विचारलं नाही. टेबल दारात अडकलं, तेव्हा दुसरी बाजू धरली.

एक राहिलं. गुरुवारी पाडवा होता. आम्ही तिघं, म्हणून तीन ताटं. उर्वी उठली, चौथं घेतलं, पुसलं, पाट मांडला आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाली, “आजोबा, ताट मांडलं आहे.” मग आपल्या जागी बसून जेवली. ते ताट कुणी उचललं नाही. संध्याकाळी दीपेशने त्यातलं श्रीखंड खाल्लं आणि म्हणाला, भाऊंच्या वाटचं आहे, म्हणून जरा आंबट आहे.

आता परिस्थिती सांगते.

पुढची खोली झाडली आहे. खिडकी टेकडीकडे उघडते. सकाळची पहिली बस धरून इंदूरला बदलली की जेवायच्या आत देवास येतं. शाळा घरापासून चालत जाण्याजोगी आहे. शाळेच्या कोपऱ्यात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, एक जुनी पेटी आहे. ती शुक्रवारी उर्वीने शोधून काढली. भाता बरा आहे. मधल्या सप्तकातला कोमल गंधार दाबला की दबलेलाच राहतो आणि बंद करेपर्यंत गात राहतो. उर्वीने वर्गाला सांगितलं की ही पेटी नाराज नाही, तिला फक्त थांबता येत नाहीये, आणि हे तिच्या आजोबांना कळेल. दुरुस्त करा, असं कुणीही म्हटलेलं नाही.

इथे ‘बाकी मर्जी’ लिहून पत्र संपवायचं होतं. काल तसं संपवलंही होतं. आज सकाळी परत वाचलं आणि फाडलं.

कारण त्या रीतीत एक उणीव आहे, ती मला वाचताना दिसली. ताट मांडलं आहे, असं सांगून आपण मागे सरकतो. समोरच्याला मोकळं वाटतं. पण तो आला नाही तर आपल्याला काय होईल, हे त्याला कधीच कळत नाही. नऊ वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. दीपेशने तर लहानपणापासून नाही. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. संक्रांतीला टोपी घेऊन निघालात, तेव्हा कदाचित वाटलं असेल की इथे आपलं काही काम नाही. तसं वाटलं असेल तर तो आकडा चुकीचा आहे, आणि चुकीचा आकडा मला दुरुस्त करायलाच हवा.

म्हणून हे साध्या मराठीत. उर्वीला तुम्ही हवे आहात. दीपेशलाही हवे आहात, त्याला बोलवता येत नाही एवढंच. मलाही. एप्रिलचे पहिले पंधरा दिवस देवासला या. ही विनंती आहे, आणि तुम्हाला ती कशी ऐकू येईल याची कल्पना असूनही मी ती करते आहे. ‘नाही’ हेही उत्तर आहे. त्याचं कारण मी विचारणार नाही, पुढच्या पाडव्याला तुमचं ताट तरीही मांडलं जाईल.

पत्र शेजारच्या अर्पितच्या हाती देते आहे. तो आठवडाभर धारलाच कामावर आहे आणि रोज दुकानावरून जातो. तो तुम्हाला काही विचारणार नाही, तशी ताकीद दिली आहे. चिठ्ठीवर ‘हो’ किंवा ‘नाही’, एक शब्द पुरे.

उत्तर शनिवारी, २८ मार्चच्या संध्याकाळपर्यंत द्या.

वाट पाहते.

अल्पना